पहिला नंबर तात्याबाचा

तात्याबा पाणी चोरतोय, हे जोतीरामला डोळ्यांआधी नाकाने कळलं. मार्गशीर्षातली सकाळ, अंगावर घोंगडं, हातात दुधाचा कॅन, आणि बांधाच्या पलीकडून ओल्या मातीचा वास. पाळी होती जोतीरामची. वास येत होता तात्याबाच्या उसातून.

जोतीराम कॅन तिथेच ठेवून आधी आपल्या डाळिंबात शिरला. ठिबकच्या नळीवर बोट ठेवलं तर नळी कोरडी ठाक. बांध ओलांडून उसात पाय टाकला तर चप्पल चिखलात रुतून बसली. ती उपसून काढताना त्याच्या मनात पहिल्यांदा ते आलं, आणि आलं ते मुक्कामालाच आलं.

निमगाव केतकीच्या पलीकडे, माळ संपतो तिथे या दोघांची रानं एकमेकांना लागून. तात्याबाचे वडील मेंढरं घेऊन आठ महिने कोकणच्या वाटेला असायचे. तात्याबाने मात्र कळप मोडला, चार मेंढ्या दारात ठेवल्या आणि शेतात बूड टेकवलं. विहीर दोघांनी मिळून खोदली, जागा तात्याबाच्या बांधावरची. एक दिवस त्याचं पाणी, एक दिवस ह्याचं. इतक्या वर्षांत पाळीवरून कधी आवाज चढला नव्हता. उलट कुणाच्या घरी लग्नकार्य असलं की दुसरा आपली पाळी आपणहून सोडायचा.

आधी व्हॉल्व्ह हाताने फिरवावा लागायचा. लाइट पहाटे यायची, तात्याबाचे गुडघे थंडीत धरायचे, आणि त्याचा पोरगा शंभूराज एकदा झोपला की ढोल वाजवला तरी उठायचा नाही. म्हणून जोतीरामने आपल्या भाचीला, स्वरूपाला सांगितलं. स्वरूपा सांगवीची, बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला तिचं छोटं वर्कशॉप होतं, शेतीची यंत्रं बनवायची. तिने विहिरीवर एक राखाडी डबा बसवला. आत बॅटरी, इवलीशी चिप, वर उदबत्तीएवढी काडी. पहाटे लाइट आली की डबा आपोआप एकाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, दुसऱ्याचा उघडायचा आणि दोघांच्या मोबाइलवर बिनतारी निरोप धाडायचा. डब्याच्या झाकणाआड एक बटण होतं. ते दाबलं की पाळी पहिल्या नंबरापासून नव्याने सुरू. झाकणाला कुलूप, कुलपाच्या चाव्या दोन.

बसवताना स्वरूपाने विचारलं होतं, "मामा, पहिला नंबर कुणाचा टाकू?"

"तात्याचा टाक," जोतीराम म्हणाला होता. "वडील माणूस हाय."

त्यामुळे सगळं उघडच होतं. त्या सकाळी जोतीरामने मोबाइल काढून बघितला, तर निरोपात एक नंबर चालू. म्हणजे कुणीतरी बटण दाबलं होतं. एक चावी जोतीरामच्या खिशात होती. दुसरी तात्याबाच्या करगोट्याला. यात अजून शोधायचं काय राहिलं?

तरी तो लगेच बोलला नाही. संशयी माणसाला घाई नसते, त्याला पुरावा गोळा करायची गोडी लागते. चार दिवस नीट गेले, पाचव्याला पुन्हा तसंच. मग दोनदा लागोपाठ. जोतीरामच्या ध्यानात आलं की ज्या पहाटे हाडं गोठवणारी थंडी पडते, त्याच पहाटे पाळी फिरते. हेही त्याने तात्याबाच्याच नावावर मांडलं. अशा थंडीत घोंगड्याबाहेर कोण येतं? ज्याला काही उरकायचं असतं तोच.

इकडे डाळिंबाचं वाटोळं होत होतं. एक दिवस आड पाणी लागलेलं झाड तीन-तीन दिवस तहानलेलं राहायचं, मग एकदम पाणी प्यायचं, आणि लिंबाच्या आकाराची चांगली चकचकीत फळं तडकायची. जोतीराम एकेक तडकलेलं फळ हातात घ्यायचा आणि उसाकडे बघून दात खायचा.

त्याने स्वरूपाला बोलावलं. ती दुपारच्या उन्हात आली, डबा उघडला, बॅटरीच्या दोन टोकांना मीटरच्या दोन वायरी लावल्या, आकडा बघितला.

"बॅटरी चांगली आहे, मामा. व्होल्टेज भरपूर आहे."

"मग डबा आपल्या मनानं पाळी फिरवतो का?"

"मनाने कसा फिरवेल? बटण दाबलं तरच फिरते."

बस. जोतीरामला एवढंच पाहिजे होतं. स्वरूपा चहा पिऊन बारामतीला गेली आणि इकडे तात्याबाचा निकाल लागला.

त्या संध्याकाळी जोतीरामने चुलीतली राख चाळून घेतली आणि डब्याच्या भोवती हातभर रुंदीची पट्टी पसरली. बायको जयवंता दारातून बघत होती.

"काय करताय?"

"पावलं उमटत्याल. मग बघू तोंड कुठं लपवतो ते."

पहाटे पाळी फिरली. जोतीराम पळत गेला. राख जशीच्या तशी, मांजराचंसुद्धा पाऊल नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की इथं कुणी आलंच नाही. जोतीराम राखेकडे बघत बसला आणि मग त्याची नजर राखेवरून उसाकडे जाणाऱ्या पाइपवर गेली. त्याचे डोळे चमकले.

घरी येऊन म्हणाला, "पाइपावरनं चालत आला असणार."

जयवंता भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "कोण? तात्याबा? ज्याला अंगणातली पायरी चढवत न्हाय त्यो?"

"तू त्याची बाजू घिऊ नगंस."

"बाजू न्हाय घेत. सर्कशीत कवा गेलता म्हनून इचारती."

जयवंताला हे पटत नव्हतं. बानूबाई, तात्याबाची बायको, जयवंताच्या बाळंतपणात महिनाभर तिचं न्हाणं-माखणं करत होती. पण रोज सकाळ-संध्याकाळ एकच गोष्ट कानावर पडली की माणूस किती वेळ नाही म्हणेल? हळूहळू तीही बानूबाईकडे विरजण मागायला जायची थांबली. कुणी कारण विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

शेवटी एका सकाळी विहिरीवर दोघं समोरासमोर आले आणि जोतीरामच्या तोंडातून सगळं बाहेर पडलं. तडकलेली फळं, चावी, थंडी, राख, पाइप, सगळं. तात्याबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिला. मध्ये एकदाही बोलला नाही. जोतीरामला वाटलं, बोलत नाही म्हणजे कबूल आहे.

"जोतीराम," तात्याबा अखेर म्हणाला, "मला चोर म्हनतुस?"

"मी न्हाय म्हनत, तात्या. मोबाइल म्हनतो."

"माझ्यावर इश्वास न्हाय?"

"हुता."

तात्याबाने काठीवरून हनुवटी उचलली. "मग काय केलं म्हंजी पटंल तुला?"

जोतीरामने उत्तर तयार ठेवलेलं होतं. अनेक रात्री त्याने ते घोळवलं होतं. "बिरोबाम्होरं बेल-भंडारा उचला."

या मुलखात कुणी कुणाला सहजासहजी असं म्हणत नाही. देवासमोर हळद आणि बेल हातात घेऊन मी केलं नाही असं म्हणायचं. खोटं असेल तर महिन्याभरात देव घरात काहीतरी वाईट दाखवतो. आणि ज्याने उचलायला लावला त्याने उचलणाऱ्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ते नातं तिथंच संपलं.

तात्याबा रविवारी बिरोबाच्या देवळात गेला. गुडघे वाकत नव्हते, तरी खाली बसला. भंडारा ओंजळीत घेतला आणि म्हणाला, "म्या जोतीरामच्या पाळीला हात लावला असंल तर माझं घर बसंल." एवढं म्हणून त्याने भंडारा कपाळाला लावला. जोतीराम देवळाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याला वाटलं होतं, तात्याबा ऐनवेळी कच खाईल. त्याने कच खाल्ली नाही, आणि जोतीरामला पहिल्यांदा वाटलं, आपलंच चुकलं की काय. पण आता माघार कशी घ्यायची?

मग तो वाट बघायला लागला. हे लिहायलाही लाज वाटते, पण खरं ते खरं: जोतीराम रोज सकाळी उठून शेजारच्या घरात काही वाईट झालंय का ते बघायचा. पंधरवड्यात तात्याबाची एक मेंढी पोट फुगून मेली. जोतीरामने जयवंताला हे असं सांगितलं की जणू कोर्टाने निकाल दिला. दोन दिवसांनी शंभूराज खांद्यावर बॅग टाकून एसटीच्या थांब्यावर उभा दिसला. जोतीराम मोटारसायकलवरून जात होता. त्याने विचारलं, "कुठं रं?" शंभूराजने त्याच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. जोतीरामला तेही कळलं. बापाने पोराकडून बटण दाबून घेतलं, आता देवाला भिऊन पोरगं पळालं. गुडघे धरलेला म्हातारा पाइपवर कसा चालला हा पेचही त्यामुळे सुटला. सगळं कसं चपखल बसत होतं.

पोरगं गेलं, आता पाळी बिघडायची नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

त्यानंतर एका पहाटे तो डेअरीवर दूध घालायला रांगेत उभा होता. पुढे तिसरा माणूस तात्याबा. दोघं आता एकमेकांकडे बघत नसत. तात्याबाने कॅन उचलायला हात वर केला, बंडी सरकली, आणि करगोट्याला बांधलेली चावी जोतीरामला स्पष्ट दिसली. त्याच क्षणी त्याच्या खिशात मोबाइल वाजला. निरोप आला होता. आज पाळी जोतीरामची. एक नंबर चालू.

जोतीरामने खिसा चाचपला. आपली चावी खिशात. दुसरी तीन हातांवर, डोळ्यांसमोर. पोरगं गावात नाही. राहिली बानूबाई, तर ती डेअरीच्या पायरीवर बसून शेण लागलेला पाय घासत होती.

तुम्हाला वाटेल, आता तरी त्याचे डोळे उघडले. छे! त्याच्या मनात आलं, तिसरी चावी आहे. आणि तिसरी चावी कुणाकडे असणार? जिने कुलूप आणलं तिच्याकडे.

त्याने तिथूनच स्वरूपाला फोन लावला. "तात्याबानं काय दिलं गं तुला? तितं बारामतीत बसून मोबाइलवरनं माझं पाणी फिरवतीस व्हय?"

स्वरूपाने त्याला पुरतं बोलू दिलं. मग स्वरूपा म्हणाली, "मामा, उद्या पहाटे लाइट यायच्या वेळी विहिरीवर उभे राहा. मी येते." आणि फोन ठेवला. ती रागावली होती, हे त्याला तिच्या हळू आवाजावरून कळलं.

आदल्या दिवशी एक नंबर चालला होता, म्हणजे दुसऱ्या दिवशी लाइट आली की डबा एकावरून दोनावर जाणार होता. स्वरूपाने तांबडं फुटायच्या आधीच येऊन डबा उघडला. झाकण उघडं ठेवलं. बॅटरीला मीटर लावला. मामाच्या हातात टॉर्च दिला.

"हात लांब ठेवा, मामा. मीही मागे उभी राहते. फक्त आकडा बघत राहा."

थंडी अशी होती की जोतीरामचे दात वाजत होते. डब्यात हिरवा दिवा टिमटिमत होता. मीटरवरचा आकडा तोच, मागे त्या दुपारी होता तसाच, भरपूर. मोटरची लाइट आली. डब्याने एकाचा व्हॉल्व्ह बंद केला. मग दोनाचा उघडायला जोर लावला आणि त्याच घटकेला निरोप धाडायला लागला.

आकडा धाडकन खाली आला. हिरवा दिवा विझला.

क्षणभर विहिरीवर काहीच नव्हतं. मग आकडा परत वर चढला, दिवा लागला, आणि खट् असा आवाज झाला. तात्याबाच्या पाइपात पाणी घुसल्याचं पाइपच्या थरथरण्यावरून कळलं. जोतीरामच्या खिशात मोबाइल वाजला. त्याने काढून बघायची गरज नव्हती.

"कुणी दाबलं?" तो म्हणाला.

"कुणी नाही. बॅटरी थकली आहे. निवांत बसलेली असते तेव्हा आकडा चांगला दाखवते. कट्ट्यावर बसलेला म्हातारा कसा धडधाकट दिसतो, पाठीवर पोतं दिलं की गुडघे कळतात, तसं. व्हॉल्व्ह उघडायला एकदम जोर लागतो, निरोप धाडायलाही लागतो. दोन्ही एकदम आलं, वर थंडी, की व्होल्टेज कोसळतं. चिपला भोवळ येते. शुद्धीवर आली की तिला मागचं काही आठवत नाही, मग ती पहिल्या नंबरापासून सुरू करते."

जोतीराम पाइपकडे बघत राहिला. पहिल्या नंबरापासून.

"तू तर म्हनलीवतीस, बटण दाबलं तरच फिरतं."

स्वरूपाने मान खाली घातली. "म्हणाले होते. मी बॅटरी दुपारी मोजली, निवांत असताना मोजली. काम करताना मोजायला पाहिजे होती. आणि मामा, दुसरी चूक याहून मोठी आहे. या चिपमध्ये व्होल्टेजवर नजर ठेवणारा एक पहारेकरी असतो. व्होल्टेज उतरायला लागलं की तो आधीच हाळी देतो, मग चिप पाळीचा नंबर जपून ठेवते आणि व्हॉल्व्हला हात लावत नाही. पण तो पहारेकरी स्वतः थोडी बॅटरी खातो. बॅटरी हंगामभर टिकावी म्हणून मीच तो बंद करून ठेवला होता. आज चालू करते. नवी बॅटरीही आणली आहे." ती थांबली. "तात्यांना मी सांगू का? चूक माझी आहे."

"तुझी चूक डब्यातली हाय," जोतीराम म्हणाला. "ती तू दुरुस्त कर."

तो बांध ओलांडून निघाला. उसातून जाताना पुन्हा चप्पल रुतली. त्याने ती तिथेच सोडली.

तात्याबा दारात घोंगड्यावर बसला होता. बानूबाई शेणी लावत होती. तिने जोतीरामला येताना बघितलं आणि पदर सावरून उभी राहिली, बस म्हणाली नाही.

"वहिनी, पाणी द्या," जोतीराम म्हणाला.

ती नवऱ्याकडे बघायला लागली. भंडाऱ्यानंतर या घरचं पाणी मागणं म्हणजे काय, हे तिघांनाही ठाऊक होतं. तात्याबाने मान हलवली. तिने तांब्या आणला. जोतीरामने उभ्याउभ्या तो रिकामा केला, आणि मग उंबऱ्याजवळ खाली बसून सगळं सांगितलं. बॅटरी, थंडी, खाली आलेला आकडा. सांगताना त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. "मी तुमचा गुन्हेगार हाय, तात्या. पायताण काढून मारा."

तात्याबाने मारलं नाही, शिवीही दिली नाही. तो मेंढ्यांकडे बघायला लागला.

"म्हंजी कुणीच दाबलं न्हवतं?"

"कुणीच न्हाय."

"शंभूनंबी न्हाय?"

जोतीरामने वर बघितलं.

"म्या दाबलं न्हवतं, ती मला ठावं हुतं," तात्याबा म्हणाला. "पर पाळी तर फिरत हुती. तू काय खोटं बोलनार न्हाईस. मग कोन? चावी माझ्या करगोट्याला. झोपल्याव ती कोन काढू शकतंय? घरातलाच." त्याने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. "मेंढी मेली तवा माझी खात्री पटली. म्या शंभूला इचारलं. न्हाय म्हनला. म्या म्हनलं, उचल भंडारा. त्यो म्हनला, तात्या, माझ्या शब्दाव भागत नसंल तर भंडाऱ्याव कसं भागंल? न्हाय उचलला. म्या हात टाकला त्याच्याव. सव्वीस वर्साच्या पोराव."

बानूबाई तोंडाला पदर लावून आत गेली.

"कुठं हाय त्यो?"

"बारामतीत. कुठल्या तरी कंपनीत लागलाय. माझा फोन घेत न्हाय."

जोतीरामने आपला मोबाइल काढला. शंभूराजने दोन-तीन वेळा तोडला, मग उचलला. जोतीराम उठून गोठ्यामागे गेला आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"झालं का बोलून, काका?" शंभूराज म्हणाला.

"झालं. बाळा, घरी ये. तात्या वाट बघतोय."

"डब्यानं सांगितलं मी चोर, तवा तुमी दोघांनी ऐकलं. आता डब्यानं सांगितलं मी चोर न्हाय, ती बी ऐकलं. मी सांगितलं तवा कुणी ऐकलं न्हाय. मग येऊन काय करू?"

फोन बंद झाला. जोतीरामने मोबाइल खिशात टाकला. मग गोठ्याला वळसा घालून पुढे आला.

तात्याबा भिंतीला धरून उभा राहिला होता. बानूबाई दारात आली होती. "काय म्हनला?" तात्याबाने विचारलं.

जोतीरामने त्याच्या तोंडाकडे बघितलं. "येतो म्हनला," तो म्हणाला. "सांजंपतुर येतो."

तात्याबाने एकही प्रश्न विचारला नाही. खरंच का म्हणाला नाही, मला ऐकव म्हणाला नाही, डोळे बारीक केले नाहीत. जोतीरामच्या नुसत्या शब्दावर त्याचा सगळा चेहरा उजळला. "ऐकलंस का," तो बायकोला म्हणाला, "पोरगं येतंय. पुरन घाल." आणि बानूबाई डाळ काढायला आत वळलीसुद्धा.

जोतीराम एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, तसाच मोटारसायकलकडे गेला. जयवंताने दारातून विचारलं, कुठं निघालात असे? त्याने किक मारली आणि गाडी बारामतीच्या रस्त्याला लावली.